डब्यातलं पाचक कोणासाठी?

प्रोटीन पावडरीत पाचक एन्झाइम, म्हणजे अन्न तोडून पचवणारं द्रव्य, असावं की नसावं, यावर नागपुरात जो वाद चालतो त्यात दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि दोन्ही भलत्याच जागी भांडतात. एका बाजूला जिमचे ट्रेनर आणि सप्लिमेंटचे दुकानदार. त्यांचं म्हणणं दोन वाक्यांत आटोपतं: "भाऊ, डब्यात एन्झाइम नसन तं अर्धं प्रोटीन वाया जाते. आपलं पोट काही फॉरेनवाल्यांसारखं नाही." दुसऱ्या बाजूला घरची वडीलधारी मंडळी, काही डॉक्टर आणि व्हॉट्सॲपवर रोज सकाळी आरोग्य वाटणारे लोक. त्यांच्या लेखी डबा म्हणजे विषच, आणि एन्झाइम ही त्या विषाची कबुली. जे पचवायला वेगळं औषध घालावं लागतं ते खायचंच कशाला, हा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल. या दोघांच्या मध्ये पोरगं सापडतं. ते बहुतेकदा बॉडीबिल्डर नसतंच. पोलीस भरतीसाठी पहाटे रेशीमबागेच्या किंवा मानकापूरच्या मैदानावर धावणारं, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांच्या ५० गुणांवर सगळी भिस्त ठेवून बसलेलं, हिंगणा नाहीतर उमरेडकडून आलेलं पोरगं असतं. खोलीभाडं आणि मेसचे पैसे देऊन जे उरतं त्यातून ते डबा घेतं. साध्या डब्यापेक्षा एन्झाइमवाला महाग असला तरी तोच घेतं, कारण ट्रेनरदादांनी सांगितलेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. निरोगी खेळाडूच्या व्हे प्रोटीनमध्ये, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीन पावडरीत, घातलेलं पाचक मिश्रण बिनकामाचं आहे. अपवाद एकच, दुधातली साखर तोडणाऱ्या लॅक्टेज या एन्झाइमचा. तोही ज्याला दूध बाधतं त्याच्यापुरता आणि मात्रा पुरेशी असेल तर. पण बिनकामाचं आहे म्हणून दुर्लक्ष करावं, इतकं ते निरुपद्रवीही नाही. लेबलावरच्या त्या एका ओळीमुळे सगळी चर्चा पोटाकडे वळते. डबा लागू पडला नाही की दोष पचनाला. डब्यात मुळात प्रोटीन किती होतं, हे कोणी विचारत नाही.

शरीराने प्रोटीन पचवायची सोय किती ऐसपैस करून ठेवली आहे ते आधी पाहू. जठरातल्या तीव्र आम्लात पेप्सिन हे एन्झाइम काम करतं. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८३६ साली ओळखलं. तिथून अर्धवट तुटलेलं प्रोटीन लहान आतड्यात उतरलं की स्वादुपिंडातून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि त्यांची भावंडं येतात. त्यांच्या हातून जे सुटतं त्याला आतड्याच्या अस्तरावरची एन्झाइम्स धरतात. प्रोटीन ज्यांचं बनतं ती सगळी अमिनो आम्लं सुटी व्हायची वाटही आतडं पाहत नाही. दोन-दोन, तीन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे ते तसेच आत घेतं. आणि राखीव साठा केवढा? स्वादुपिंडाची एन्झाइम स्रवण्याची ताकद नव्वद टक्क्यांच्या आसपास घटेपर्यंत अन्न न पचता बाहेर पडण्याची लक्षणं सहसा दिसतच नाहीत. वैद्यकशास्त्राला हे १९७० च्या दशकापासून ठाऊक आहे. त्यात व्हे म्हणजे चीज करताना दुधातून सुटणारं पाणी, गाळून सुकवलेलं. दुधातलं दुसरं प्रोटीन, केसीन, जठरात गेल्यावर दह्यासारखं धरतं. व्हे धरत नाही, सरळ पुढे जातं. चांगलं व्हे पंचाण्णव टक्क्यांच्या वर पचतं. मग 'अर्धं वाया जातं' हा हिशेब आला कुठून? जामठ्याला मॅच सुटली की कोंडी वर्धा रोडवर होते. स्टेडियमला आणखी चार गेटं पाडून ती सुटत नाही. प्रोटीनचंही तेच. अडतं ते स्नायू किती उभारू शकतात तिथे, आणि ते ठरतं व्यायामावर, झोपेवर, दिवसभराच्या एकूण आहारावर. पचनाचं गेट आधीच सताड उघडं आहे.

आता एन्झाइमच्या विरोधकांच्या एका लाडक्या मुद्द्याचीही गोष्ट करू, कारण माझ्या बाजूचे लोकही कमी ढिसाळ बोलत नाहीत. "तीस ग्रॅम पावडरीत पन्नास मिलिग्रॅम एन्झाइम, एवढुसं काय करणार?" असं ते म्हणतात आणि वाद जिंकल्यासारखे हसतात. हे चूक आहे. एन्झाइम खर्ची पडत नाही. एकच रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकी औषधकोशात पेप्सिनची ताकद १ : ३००० अशी धरली होती. म्हणजे आपल्या वजनाच्या तीन हजार पट उकडलेला अंड्याचा पांढरा भाग जे विरघळवेल ते प्रमाणित पेप्सिन. त्या हिशेबाने पन्नास मिलिग्रॅम पेप्सिन दीडशे ग्रॅम पांढरा भाग फस्त करेल. तेव्हा मिलिग्रॅमवरून एन्झाइमची टर उडवण्यात अर्थ नाही. पण हाच हिशेब उलटूनही पाहा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या औषधविक्याला आपलं पेप्सिन किती अंडं पचवतं हे सांगावं लागत होतं. आजचा डबेवाला काय सांगतो?

सीताबर्डीच्या एका दुकानात काउंटरवर मांडलेला डबा फिरवून त्याची मागची बाजू वाचली. पुढून चकचकीत काळा, सोनेरी अक्षरं, दंड फुगवलेला माणूस. मागे अगदी बारीक छपाई: एक माप ३३ ग्रॅम, प्रोटीन २४ ग्रॅम, मग अमिनो आम्लांचा तक्ता, त्याखाली 'पाचक एन्झाइम मिश्रण ५० मिग्रॅ' आणि कंसात पाच नावं: अमायलेज, प्रोटीएज, लायपेज, सेल्युलेज, लॅक्टेज. बस. कोणतं किती, कशापासून काढलेलं, किती आम्लात टिकतं, किती युनिट काम करतं, यातलं काहीच नाही. एन्झाइमची किंमत त्याच्या कामात असते आणि काम युनिटमध्ये मोजतात; वजन सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. बरं, ती पाच नावंच नीट वाचा. अमायलेज स्टार्च तोडतं. व्हेमध्ये स्टार्च नसतो. सेल्युलेज वनस्पतींचा तंतू, म्हणजे सेल्युलोज, तोडतं. दुधात तंतू कुठला? लायपेज चरबी तोडतं. मापात चरबी जेमतेम दोनेक ग्रॅम. पाचांपैकी तिघांना करायला कामच नाही. राहिले दोघे. त्यातल्या प्रोटीन तोडणाऱ्या प्रोटीएजने जे करायचं ते पोट फुकटात करतं.

लॅक्टेजपाशी मात्र थांबायला हवं, कारण प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा इथे आहे. बालपण सरलं की जगातल्या बहुसंख्य माणसांत लॅक्टेज तयार होणं कमी होतं, आपल्याकडेही. न पचलेली दुधातली साखर मोठ्या आतड्यात उतरली की तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात. पोट फुगतं, वात सुटतो, कधी जुलाब होतात. हा त्रास खरा आहे आणि त्यावर लॅक्टेजचा उपायही खरा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पाचक एन्झाइमांबद्दलचे दावे तपासले तेव्हा लॅक्टेजचा दावा मान्य केला; अट अशी की दुधाच्या पदार्थासोबत किमान ४५०० युनिट मिळायला हवीत. युनिट, मिलिग्रॅम नव्हे. त्याच संस्थेने असंही नोंदवलं की दूध न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे ती दुधातली साखर, फारशा त्रासाशिवाय चालतं. आता आपल्या भरतीवाल्या पोराचा पेला पाहा. साध्या व्हे पावडरीच्या, म्हणजे व्हे कॉन्सन्ट्रेटच्या, एका मापात लॅक्टोज साधारण एक ते तीन ग्रॅम, म्हणजे दोन मापांत फार तर सहा. पण ती दोन मापं तो अर्धा लिटर दुधात घोळतो, वर दोन केळी. अर्ध्या लिटर दुधात लॅक्टोज चोवीस ग्रॅमच्या आसपास! ढवळून ते गटागटा पितो आणि वीस मिनिटांत धावायला निघतो. पोट बंड करतं. दुकानदार म्हणतो, तुला एन्झाइमवाला डबा पाहिजे. त्याला पाहिजे असतं ते पाण्यात घोळलेलं व्हे, किंवा दुधाऐवजी दही-ताक, किंवा हळूहळू वाढवत नेलेलं दूध. महालातल्या जुन्या आखाड्यांतले वस्ताद नव्या पोराचा खुराक पहिल्याच दिवशी पैलवानाइतका करत नसत. रोज थोडंथोडं दूध घेत राहिलं की आतड्यातले जंतूच सरावतात आणि त्रास कमी होतो, हे आता प्रयोगांतून दिसलं आहे. वस्तादांना जंतू माहीत नव्हते, पोरं माहीत होती.

दुसरा मुद्दा उन्हाचा: उन्हात धावून पचन मंदावतं, म्हणून एन्झाइम हवं. नागपूरकराने तो हसण्यावारी नेऊ नये. या शहराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले आहेत. जोरकस व्यायामात रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्यांचा पुरवठा निम्म्याहून खाली जाऊ शकतो. उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की आणखी. लांब पल्ल्याच्या धावपटूंना मळमळ, कळा, जुलाब होतात ते यामुळे. पण यातून एन्झाइमची गरज कशी सिद्ध होते? रक्त नाही म्हणून आतडं शोषून घेत नाही. तोडलेलं प्रोटीन तिथे आणखी बारीक करून काय साधणार? उपाय वेळेचा आहे: धावण्याआधी हलकं, धावल्यावर पाणी-मीठ-साखर, आणि प्रोटीन अंग निवल्यावर. तासभर उशीर झाला म्हणून स्नायू रुसत नाहीत. उलट उष्णतेने एन्झाइमचीच ताकद घटत जाते. मे महिन्यात कुरियरच्या पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या डब्यातलं लॅक्टेज किती जिवंत असेल, हा प्रश्न उन्हाची ढाल करणाऱ्यांनी स्वतःलाच विचारावा.

तिसरा मुद्दा प्रयोगांचा. व्हेसोबत बुरशीपासून काढलेलं प्रोटीएज दिलं तर रक्तातली अमिनो आम्लं अधिक वाढतात, असं दाखवणारा एक छोटा अभ्यास २००८ साली छापून आला; जाहिराती अजून त्याच्याच जिवावर चालतात. मटार किंवा तांदळाच्या प्रोटीनवरही असे छोटे प्रयोग आहेत आणि तिथे थोडाफार फरक मला पटण्यासारखा वाटतो, कारण वनस्पतींची प्रोटीनं मुळातच जरा हट्टी असतात. पण २००८ च्या त्या अभ्यासात कोणाला काय दिलं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मोजलं ते रक्त, स्नायू नव्हे. रक्तात लवकर चढणं हा गुण आहे हे ठरवलं कोणी? १९९७ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी व्हे आणि केसीन यांची तुलना केली. व्हे झपाट्याने चढलं आणि उतरलं. केसीन सावकाश झिरपलं, आणि सात तासांच्या हिशेबात शरीराच्या खात्यावर शिल्लक केसीनचीच जास्त राहिली. २०२३ साली नेदरलँड्समध्ये व्यायामानंतर काहींना २५ तर काहींना १०० ग्रॅम दुधाचं प्रोटीन दिलं. एका वेळी तीस ग्रॅमच्या वर शरीर घेतच नाही, हा जिमचा वेदमंत्र. प्रत्यक्षात शंभर ग्रॅमचा वापर बारा तासांनंतरही चालू होता. म्हणजे सावकाश पचणं हे नुकसान नाहीच. मग घाई करणारं औषध कोणत्या आजारावर?

खेळाडूच्या कमाईवर शास्त्राच्या नावाने डल्ला मारणं आजचं नाही. एकोणिसाव्या शतकातला रसायनशास्त्राचा सम्राट युस्टस फॉन लीबिग सांगायचा की स्नायू काम करताना स्वतःचंच प्रोटीन जाळतो. त्याच्या नावाचा मांसाचा अर्क बाटल्यांतून जगभर विकला गेला. १८६५ च्या ऑगस्टमध्ये आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधल्या फाउलहॉर्न डोंगरावर चढले. आदल्या दिवसापासून त्यांनी प्रोटीन वर्ज्य केलं होतं; पिठाच्या तळलेल्या टिकिया आणि साखरेचा चहा एवढ्यावर चढाई. वाटेत स्वतःची लघवी साठवून तिच्यातला नायट्रोजन मोजला. जळलेलं प्रोटीन चढाईच्या श्रमाला पुरण्याइतकं नव्हतंच. काम पिठाने आणि चरबीने केलं होतं. सिद्धान्त पडला. अर्काचा धंदा पडला का? छे, अनेक दशकं चालला. मग पेप्सिनची पाळी आली: १८९० च्या दशकात अमेरिकेत पेप्सिन घातलेलं च्युइंगगम अपचनावर खपत होतं. त्याच दशकात, १८९४ मध्ये, जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोजी बुरशीपासून काढलेल्या एन्झाइमचं अमेरिकेत पेटंट घेतलं आणि ते पाचक म्हणून बाजारात आलं. ताकामिनेचं काम अस्सल होतं. त्याच्या एन्झाइमने स्टार्च खरोखर तुटतो. प्रश्न एवढाच की ज्याचं पोट ठीक आहे त्याने ते का घ्यावं. आजच्या डब्यांतली बरीच एन्झाइम्स त्याच बुरशीच्या कुळातून येतात. माल तोच, गिऱ्हाईक बदललं: तेव्हा जेवून सुस्तावलेला शेटजी, आता पहाटे धावणारं पोरगं.

घरच्या पक्षालाही मी मोकळं सोडणार नाही. "डबा फेक, अंडी-चणे खा" हा सल्ला मला मान्य आहे, पण तो देणारे त्याच दमात कच्ची अंडी दुधात फोडून प्यायला सांगतात, आणि भिजवलेले चणे कच्चेच चावायला. बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या एका छोट्या पण काटेकोर अभ्यासात शिजवलेल्या अंड्याचं प्रोटीन जवळपास ९१ टक्के पचलं, कच्च्याचं ५१. अर्धं प्रोटीन वाया जाण्याची जी भीती व्हेबद्दल घातली जाते ती खरी ठरते ती इथे! हरभरा, सोयाबीन यांच्यात ट्रिप्सिनला अडवणारे घटकही असतात, आणि ते उष्णतेने निकामी होतात. सोयाबीनमध्ये ते इतके असतात की कच्चं सोयाबीन खाणं मूर्खपणाच ठरेल. कुकरच्या चार शिट्ट्यांनी जे होतं ते डब्यातल्या पाचही एन्झाइमांनी होत नाही. आता कोणी म्हणेल, आमचे आजोबा कच्चे चणे खाऊनच जोर मारायचे. मारायचे ना, शिजवून खाल्ले असते तर तेवढ्याच चण्यांत जास्त पदरात पडलं असतं. शिवाय 'प्रोटीनने किडनी जाते' ही सरसकट धमकी. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन डॉक्टरच्या सांगण्यानेच घ्यावं, यात वाद नाही. पण निरोगी, व्यायाम करणाऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज दीड-पावणेदोन ग्रॅमने किडनी बिघडते असा ठोस पुरावा नाही. २०१८ मधल्या ४९ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात स्नायूंना होणारा फायदा साधारण १.६ ग्रॅमपाशी थांबताना दिसतो. पासष्ट किलोच्या पोराला हे झाले शंभरेक ग्रॅम. मेसच्या पाणीदार वरणातून तेवढं निघत नाही, ही त्याची खरी अडचण. तिला 'विष विष' म्हणणं हे उत्तर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रोटीन पावडरी टाळा म्हटलं, ते सर्वसाधारण लोकांसाठी मला योग्य वाटतं. पण टाळा म्हणण्याबरोबर त्या पोराच्या ताटात काय वाढायचं हेही कोणीतरी सांगायला हवं. सोया वडीच्या शंभर ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम प्रोटीन असतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बाप तो भाव मिळावा म्हणून कळमन्याच्या बाजारात ताटकळतो आणि पोरगं परदेशी गाईच्या दुधाचं पाणी दोन-अडीच हजार रुपये किलोने आणतं. या विसंगतीवर बोलायला दोन्ही पक्षांना सवड नाही.

आणि आता मूळ दुखण्याकडे. डब्यातलं प्रोटीन मोजतात ते कसं? योहान केल्डाल या डेन्मार्कच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये दिलेली पद्धत अजून वापरात आहे: पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. नायट्रोजन कुठून आला हे ती पद्धत विचारत नाही. ग्लायसीन हे अगदी स्वस्त अमिनो आम्ल. दहा ग्रॅम ग्लायसीन घातलं तर कागदावर साडेअकरा ग्रॅमच्या वर 'प्रोटीन' दिसतं, आणि स्नायू उभारायच्या कामी ते एकटं जवळपास शून्य. याच भोकातून चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं औद्योगिक रसायन शिरलं. तीन लाखांच्या आसपास बाळं आजारी पडली, सहा दगावली. आपल्याकडच्या ३६ पावडरींची तपासणी २०२४ च्या एप्रिलमध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आली. जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली, काहींत बुरशीजन्य विष आणि कीटकनाशकांचे अंशही. आता यात गंमत पाहा, क्रूर गंमत. भेसळीचं ग्लायसीन पाण्यात साखरेसारखं विरघळतं, त्याला पचवावंच लागत नाही. म्हणजे ज्या डब्यात सर्वांत जास्त लबाडी तो पोटाला सर्वांत हलका! 'सहज पचतं' या प्रशस्तिपत्राला गुणवत्तेचा पुरावा मानणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवणं किती सोपं आहे? खेळाडूला तर आणखी एक धोका. डब्यात न छापलेलं एखादं स्टेरॉइड निघालं आणि उत्तेजक चाचणीत सापडलं, तर "मला माहीत नव्हतं" हे ऐकून घेतलं जात नाही. अंगात जे सापडलं त्याची जबाबदारी त्याचीच.

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमान झळकलं आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासून सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सांगता आलं, कारण शहरात इतर तापमापक होते, त्यांचे आकडे होते, आणि ते ताडून पाहण्याची जबाबदारी कोणाचीतरी होती. डब्यावरच्या चोवीस ग्रॅमला ताडून पाहणारा दुसरा तापमापक कुठे आहे? दुकानदार लेबल वाचून दाखवतो, ट्रेनर दुकानदाराचं ऐकून सांगतो, आणि ज्या जिममध्ये ट्रेनरला डब्यामागे कमिशन मिळतं तिथे तर विचारायलाच नको. एन्झाइम असावं की नसावं हा मतभेदाचा विषय राहतो, कारण मोजमाप कोणीच नेमाने करत नाही.

मोजमाप करायला चंद्रावर जावं लागत नाही. केल्डालची चाचणी आणि प्रोटीएजची ताकद मोजणं, दोन्ही बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलमध्ये असतात. ग्लायसीन वेगळं ओळखायला जरा महाग यंत्र लागतं. तेही मिळणं अशक्य नाही. अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (आता स्वतंत्र विद्यापीठ) १९४२ पासून उभी आहे, तिथे फूड टेक्नॉलॉजी शिकवतात. नागपूर विद्यापीठाचा फार्मसी विभाग आहे. शहरात सरकारी प्रयोगशाळा आहेत. अडचण वेगळीच आहे: एखाद्या प्राध्यापकाने ब्रँडचं नाव घेऊन निकाल छापला की वकिलाची नोटीस दारात येईल ही भीती. म्हणून हे काम अन्न व औषध प्रशासनाने अंगावर घ्यायला हवं. भरतीच्या हंगामाआधी नागपुरातल्या दुकानांतून नमुने उचलावेत, बॅच क्रमांकासह निकाल जाहीर करावेत, मराठीत, मैदानाच्या फाटकावर लावता येतील असे. डब्यावर एन्झाइमचा दावा करायचा असेल तर प्रत्येक एन्झाइमचं नाव, मूळ आणि वापराच्या शेवटच्या तारखेला शिल्लक राहणारी युनिट छापणं सक्तीचं करावं. नाही जमलं तर ती ओळ काढून टाकावी. उत्पादक म्हणतील, यामुळे डबा महाग होईल. होऊ द्या. तपासणीचा खर्च बसून चार पैसे वाढले तर गिऱ्हाइकाला निदान काय घेतोय ते तरी कळेल. आज तो तेवढेच पैसे सेल्युलेजसाठी मोजतोय, आणि त्याच्या पेल्यात सेल्युलोजचा कण नाही.